देवावाचून नीती?

देव न मानणाऱ्याच्या नीतीला आधार नसतो, असे आपण व्यासपीठांवरून वारंवार ऐकतो. भिलाईत हे विधान जपून करावे लागते. २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे येथे कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची झोपेत गोळ्या घालून हत्या झाली. येथील पोलाद कारखान्यास खनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणमजुरांना त्यांनी संघटित केले, दारूविरुद्ध उभे केले. मजुरांच्याच पैशातून व श्रमातून तेथे १९८३ साली शहीद रुग्णालय उघडले. या कार्यामागे मार्क्सवादी विचार होता, धर्मोपदेश नव्हे.

यामुळे ख्रिस्ती मनुष्याने बिचकू नये. ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्याही अंतःकरणावर त्याचा आशय लिहिलेला आहे, असे पौल सांगतो (रोम २:१४-१५). चांगले ओळखण्याचा मक्ता मंडळीकडे नाही.

मग श्रद्धेचे प्रयोजन काय? तत्त्वज्ञ कांट याने १७८८ साली मांडले, की कर्तव्य कळण्यास देवाची गरज नाही. परंतु सदाचार व सुख यांचा अखेर मेळ बसेल, ही आशा देवावाचून निराधार ठरते. नियोगींचा खटला २००५ पर्यंत चालला. सर्वोच्च न्यायालयाने एकास जन्मठेप दिली. पण गेलेला प्राण कोणते न्यायालय परत देईल? नीती मरणापर्यंत प्रामाणिक राहावयास सांगते; मरणापलीकडचे अभिवचन पुनरुत्थित प्रभूच देतो.

म्हणून वाचकहो, नास्तिक सज्जनाला हिणवू नये. न्यायाच्या कामी त्याच्या शेजारी उभे राहावे, आणि त्याने विचारल्यास आपल्या आशेचे कारण सौम्यतेने सांगावे.