शिक्षक : धाक की मैत्री?



आपल्या धर्मग्रामात शिक्षकी पेशातली माणसे पुष्कळ आहेत आणि शाळेत जाणारी मुले तर घरोघरी आहेत. त्यामुळे एक प्रश्न वारंवार कानावर येतो. आजोबा म्हणतात, “आमच्या वेळी मास्तर समोरून येताना दिसले की आम्ही वाट बदलायचो. आता पोरं सरांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात!” तरुण शिक्षक म्हणतात, “फादर, मोकळं वागलो तर मुलं डोक्यावर बसतात, कडक वागलो तर तोंड उघडत नाहीत. करायचं काय?”

आधी धाकाचा विचार करू. ज्या मास्तरांनी खेडोपाडी आपल्या वाडवडिलांना अक्षरओळख करून दिली, त्यांचे ऋण मोठे आहे. पण छडीच्या आठवणी कौतुकाने सांगतात ते शाळेत टिकलेले लोक. जे छडीला भिऊन गुरांमागे गेले, ते आठवणी सांगायला येत नाहीत. भीतीने वर्ग शांत होतो, पण शांत वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग नव्हे. “मला समजले नाही” असे म्हणायला धीर लागतो आणि भीती नेमका तोच हिरावून घेते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली, ती योग्यच आहे.

मग शिक्षकाने मित्र व्हावे का? व्हावे, पण कोणत्या अर्थाने? मैत्रीवर सविस्तर लिहिणारा ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल म्हणतो की, बाप-लेक किंवा थोर-लहान यांच्यातही मैत्री असते. मात्र तिथे दोघांनी एकमेकांना द्यायच्या गोष्टी सारख्या नसतात. शिक्षकाची मैत्री या प्रकारची आहे. शिवाय, आपण मित्र निवडतो; शिक्षकाला निवडीचा हक्क नाही. हुशार, नीटनेटक्या, गोड बोलणाऱ्या चार मुलांशी दोस्ती सोपी असते. शेवटच्या बाकावरच्या मुलाचे काय?

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. पाथर्डी-शेवगावकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. त्यांच्यासोबत गेलेला मुलगा उन्हाळ्याच्या तोंडावर परत वर्गात येतो, तेव्हा त्याचे निम्मे वर्ष बुडालेले असते. कडक शिक्षक त्याला उभे करून गैरहजेरीचा जाब विचारील. लोकप्रिय शिक्षक म्हणेल, “जाऊ दे रे, तुला काही विचारत नाही.” पहिल्याने त्याचा अपमान केला, पण दुसऱ्याने तरी काय केले? त्याच्याकडून काही अपेक्षाच ठेवली नाही. खरा शिक्षक त्याला जवळ बसवील, राहिलेला धडा शिकवील आणि मग इतरांइतकाच अभ्यास त्याच्याकडून करून घेईल. ही माया आहे आणि हाच अधिकारही आहे.

इटलीतील तुरीन शहरात गरीब, बेवारस मुलांसाठी झटणारे संत जॉन बॉस्को यांनी १८७७ मध्ये आपली शिक्षणपद्धती मांडली. नियम सांगायचे, दूर उभे राहायचे आणि चूक झाली की शिक्षा करायची, ही त्यांच्या मते एक पद्धत. दुसरी पद्धत म्हणजे नियम सांगायचे आणि मग मुलांमध्येच राहायचे, म्हणजे चुकीची वेळच कमी येते. त्यांनी ही दुसरी पद्धत निवडली. मारहाण त्यांना मान्य नव्हती. पुढे १८८४ मध्ये रोमहून आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हीच खंत व्यक्त केली की, पूर्वी मुलांसोबत खेळात रमणारे शिक्षक आता अंतर राखून वागू लागले आहेत. मुलांवर नुसते प्रेम असून भागत नाही, ते मुलांना जाणवलेही पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

आपल्या महाराष्ट्रात साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयात ते मुलांसोबत राहत, त्यांच्या अस्ताव्यस्त खोल्या स्वतः आवरत, मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक हाताने लिहून काढत. त्यांनी छडीचा धाक दाखवला नाही. तरी मुलांच्या लेखी त्यांच्या शब्दाला वजन होते आणि ते ‘गुरुजी’च राहिले.

प्रभू येशूच्या अखेरच्या भोजनाचा प्रसंग आठवा. संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू शिष्यांचे पाय धुतो आणि लगेच सांगतो की, तुम्ही मला गुरू म्हणता ते बरोबरच आहे. त्याच रात्री तो त्यांना दास नव्हे, तर मित्र म्हणतो. पाय धुतल्याने त्याचे गुरुपद कमी झाले नाही आणि गुरुपदामुळे मैत्री आटली नाही.

म्हणून धाक आणि मैत्री तराजूच्या दोन पारड्यांत घालून मापण्यात अर्थ नाही. धाक दाखवणारा आपला मान सांभाळतो, लाडका होऊ पाहणारा आपली लोकप्रियता सांभाळतो. दोघांचीही नजर स्वतःवरच असते. शिक्षकाला मिळालेला अधिकार त्याच्या मालकीचा नाही, तो मुलासाठी सोपवलेली ठेव आहे. तेव्हा रागावताना शिक्षकाने स्वतःला विचारावे : मुलाचे नुकसान होते म्हणून मी रागावतो आहे, की माझा अपमान झाला म्हणून? सूट देतानाही विचारावे : ही सूट त्याच्या भल्यासाठी आहे, की मी त्याला आवडावा म्हणून?

पालकांनाही एक विनंती. “सर, याला खुशाल झोडा” असे शिक्षकांना सांगू नका. तसेच मुलादेखत शिक्षकांची निंदाही करू नका. तक्रार असेल तर शाळेत जाऊन समोरासमोर बोला. आणि या आठवड्यात मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : “वर्गात काही समजलं नाही, तर सरांना विचारायला तुला भीती वाटते का?” उत्तर नीट ऐका. गरज वाटली, तर ते शिक्षकांनाही शांतपणे सांगा.

प्रभू आपल्या सर्व शिक्षकांना आणि मुलांना आशीर्वादित करो.

आपला,
धर्मगुरू