परक्याचे मन

पोटासाठी मनुष्याने आपला गाव सोडावा की न सोडावा, हा प्रश्न आंजर्ल्यात आता कोणी विचारीत नाही. तो आपल्या पणजोबांच्या काळीच निकालात निघाला. तरीत बसून खाडी ओलांडावी, हर्णैच्या बंदरात पडावातून आगबोटीवर चढावे आणि मुंबईस उतरून गिरणीचे दार गाठावे, ही वाट तेव्हा ठरूनच गेली होती. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईस बाहेरून आलेल्या लोकांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. आज खाडीवर पूल आहे, आगबोटी बंद झाल्या आहेत, पण ओघ थांबलेला नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात दर १००० पुरुषांस ११२२ स्त्रिया भरल्या. आणि २००१ साली १६,९६,७७७ असलेली लोकसंख्या दहा वर्षांत १६,१५,०६९ वर आली. ज्या घरांत म्हातारी माणसेच उरली आहेत, त्यांस हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत.

विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे. परमुलखी जो गेला, त्यास त्या परकेपणाने काय शिकविले, आणि त्या शिकवणीचे त्याने पुढे काय केले?

गिरणगावातल्या एकेका खोलीत एका गावचे वीस-वीस गडी राहत, पाळीप्रमाणे झोपत आणि खाणावळीत जेवत. तेथे निदान आपल्या बोलीत बोलणारे कोणी असे. मोठ्या लोकांच्या घरी जो चाकरीस लागे, त्याची गोष्ट वेगळी. त्यास 'रामा' म्हणत. त्याचे नाव सखाराम असो, गोविंद असो, बारकू असो, हाक एकच. कोकणातून आलेला घरगडी म्हणजे रामागडी, हे मुंबईत ठरलेलेच होते. पगार वेळेवर मिळे, जुना सदरा मिळे, कधी मायाही मिळे. आईबापांनी ठेविलेले नाव मात्र पुष्कळांस मालकाच्या तोंडून ऐकावयास मिळत नसे.

कित्येक म्हणतात, शहर काही आपले नव्हे. तेथे कमवावे व परत यावे. तेथील शेजाऱ्याशी आपणांस काय कर्तव्य? ह्या बोलण्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. १९८२ च्या १८ जानेवारीस गिरण्यांचा संप सुरू होऊन सुमारे अडीच लक्ष कामगारांची चूल थंडावली, तेव्हा पुष्कळांस गावच्याच घराने आसरा दिला. तथापि बाबेलास धरून नेलेल्या लोकांस यिर्मयाने जे पत्र लिहिले (यिर्मया २९), ते पाहावे. घरे बांधा, बागा लावा, त्या नगराचे कल्याण इच्छा व त्यासाठी प्रार्थना करा, असा त्यात बोध आहे. आणि कोणत्या नगरासाठी? ज्याने त्यांस बंदिवान करून नेले त्याच नगरासाठी! त्याच पत्रात सत्तर वर्षांनी परत आणण्याचे वचनही आहे. म्हणजे परतण्याची आशा बाळगणे आणि जेथे आहो तेथे शेजारधर्म पाळणे, ह्या दोन गोष्टी एकाच अंतःकरणात राहू शकतात.

आणि परके होण्यास दर वेळी मुंबईच लागते असे नाही. २०२० साली टाळेबंदीत चाकरमानी घराकडे निघाले, तेव्हा कोकणातील कित्येक गावांनी त्यांस वेशीवरच अडविले. कोणास शाळेत चौदा दिवस ठेविले. रोगाचे भय खरे होते, गावात वृद्ध माणसे पुष्कळ होती, यास्तव मी कोणास दोष देत नाही. परंतु ज्याच्या मनिऑर्डरीवर घर उभे राहिले, त्यास त्याच घराच्या अंगणाबाहेर थांबावे लागले. पुढे ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळाने आपल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा मुंबईच्या नातलगांची पुन्हा आठवण झाली.

आपल्या मंडळ्यांस तर परकेपणाची ओळख दुहेरी आहे. ज्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांस ठाऊक आहे की मनुष्य गाव न सोडताही पाणवठ्यावर परका होऊ शकतो.

आता आपल्याच बागांकडे पाहू. आंब्याच्या हंगामात कलमे राखावयास नेपाळी लोक येतात. मच्छीमारांच्या होड्यांवरही ते असतात. बागेतल्या खोपीत राहतात, वानर हाकतात, रात्री जागतात. त्यांस आपण काय म्हणतो? 'बहादूर'; नाहीतर नुसते 'ए नेपाळी'. ज्याचे आजोबा मुंबईत 'रामा' होते, तो नातू मे महिन्यात घरी येतो आणि तीच हाक मारतो. आणि त्यात काही वावगे आहे असे त्याच्या मनातही येत नाही.

परक्यावर जुलूम न करण्याची आज्ञा नियमशास्त्रात आहे (निर्गम २३:९), आणि तिचे कारणही तेथेच सांगितले आहे: मिसर देशात तुम्ही परके होता, म्हणून परक्याचे मन तुम्ही जाणता. येथे दयेपेक्षा ओळखीवर भर आहे, हे ध्यानात घ्यावे. कोणी म्हणेल, ज्याने सोसले तो आपोआपच मृदू होतो, त्यास आज्ञा कशाला? परंतु आपल्या घरांतच पाहावे. सासुरवास सोसलेली सून सासू झाली म्हणजे नेहमीच मऊ होते काय? 'आम्ही नाही का सोसले?' हे वाक्य तिच्याच तोंडी असते. दुःख मनुष्यास दोन्ही वाटा दाखविते. म्हणूनच स्मरण करणे ही केवळ मनाची वृत्ती न राहता आज्ञा झाली, असे मला वाटते.

उपदेशक बंधूंस एक सुचवितो. हंगाम चालू असता एखाद्या संध्याकाळी बागेकडे जावे. प्रथम भेटीस हाती पत्रके नकोत. त्या मनुष्याचे नाव विचारावे, आणि दुसऱ्या भेटीत त्याच नावाने हाक मारावी. तो बहुधा आपणांहून वयाने लहान असेल. तरी 'अरे-तुरे' करू नये. घरी पैसे कसे पाठवितो, ताप आला तर दवाखान्यात कोण नेतो, पोरे बरोबर असल्यास शाळेत जातात की नाही, हे विचारावे. हंगामाच्या शेवटी मजुरीचा हिशेब होतो, तेव्हा तो कागद त्यास वाचून दाखविणारा कोणी आहे काय, हेही पाहावे. बागेचा मालक आपल्याच मंडळीतला निघाला, तर त्याच्याशीही बोलावे लागेल, आणि ते काम नेपाळ्याशी बोलण्याहून जड जाईल.