कलावंताचा एकांत कोणासाठी?

बेंगळूरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातून आपण कधी गेला असाल, तर यंत्रांवर कातल्या जाणाऱ्या लोखंडाचा कर्कश आवाज आपल्या स्मरणात असेल. पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगाराचा निवांतपणा म्हणजे बहुधा केवळ झोप. तेथून उत्तरेस, फारशा दूर नसलेल्या सिल्वेपुरा गावी चित्रकार ज्योती साही यांनी १९८३ साली कला आश्रम स्थापिला. साहींचा जन्म १९४४ चा, आपल्या पुण्यातला.

एकाने घाम गाळावा आणि दुसऱ्याने झाडाखाली बसून चिंतन करावे, हे ख्रिस्ती विवेकाला पटते काय? कलेला शांतता लागते, हे उत्तर मला फार स्वस्त वाटते. शांतता कोणाला नको असते?

याच प्रश्नासंबंधी पुण्यातील एक जुने उदाहरण आठवते. १९०२ साली गोव्यात जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले. त्यांनी मरीयेला साडी नेसवली, येशूला भारतीय चेहरा दिला. गोव्यातील अनेक स्वकीयांना ते रुचले नाही. मग पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला आणि तेथे त्यांनी वर्षानुवर्षे चित्रे काढली. १९६७ साली ते निवर्तले.

त्यांना तेथे काय लाभले? विश्रांती खासच नव्हे. कामच तर चालू होते. मला वाटते, चित्राचा रंग बदला असे न सांगणारा शेजार लाभला. गिऱ्हाइकाची आणि टीकाकाराची नजर कलावंताच्या आत येऊन बसते, आणि मग हात रंगाला लागण्यापूर्वीच भितो. एकांतात ती नजर हळूहळू उठून जाते. आणि गंमत पाहा, लोकांपासून दूर राहून फोन्सेकांनी जी मरीया रंगविली, तिला रस्त्यावरच्या सामान्य बाईचाच वेष होता!

प्रभू येशूही पहाटे एकांती प्रार्थनेस गेला. शिष्य शोधीत आले, तेव्हा त्याने त्यांना परत धाडले नाही; तो आसपासच्या गावांकडे निघाला.

तरीही आश्रमातील भाकरी कोणाच्या तरी श्रमाची असते, ही टोचणी उरतेच, ती उरावी. आपल्याकडे धर्मगुरूंसाठी वार्षिक तपसाधना असते. वेदीवर नक्षी कोरणाऱ्या सुताराला, गीतांना चाली लावणाऱ्या शिक्षिकेला चार दिवसांसाठी आपण कधी बोलाविले आहे काय?