चार वाट्या

पाम गावात एक मुलगी नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. पास झाली की परिचर्या परिषदेत नाव नोंदवायचं आणि सिस्टर म्हणून कामाला लागायचं, एवढंच तिच्या मनात होतं. बाकी विषय सोपे गेले. औषधशास्त्र मात्र अंगावर यायचं. शेकडो नावं, एकही ओळखीचं नाही.

मग तिला युक्ती सापडली. औषधाचं नाव पाठ करायचंच नाही, नुसतं शेपूट पाठ करायचं. शेवटी ‘ओलॉल’ आलं की हृदयाचे ठोके मंद करणारं, देण्याआधी नाडी मोजायची. शेवटी ‘प्रिल’ आलं की रक्तदाबाचं, कोरडा खोकला होऊ शकतो. युक्ती चांगली होती, आणि दोन आठवडे चाललीही.

सराव परीक्षेत प्रश्न आला : कार्बिमाझोल कशासाठी देतात? तिला ओमेप्राझोल पाठ होतं. शेपूट तेच, म्हणून तिने बिनधास्त ‘ॲसिडिटी’ लिहून टाकलं. ते तर थायरॉइडचं औषध निघालं. घरी येऊन तिने वही भिरकावली.

बाबा तारापूर एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात कामाला होते. कच्च्या मालाचं वजन करून देणं, हेच त्यांचं वीस वर्षांचं काम. सकाळची पाळी करून ते घरी आले, वहीकडे पाहिलं, आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेले. बाहेर आले ते चार वाट्या घेऊन. चारही वाट्यांत पांढरी पूड.

“बाय, सांग बघू, कशात काय आहे? हात लावायचा नाही, चव घ्यायची नाही.”

ती बराच वेळ पाहत राहिली. पिठीसाखर, बारीक दळलेलं मीठ, खायचा सोडा, तांदळाचं पीठ. चारही पदार्थ रोजच्या वापरातले. चारांपैकी दोन चुकले.

“आमच्याकडे ड्रम उघडला की सगळं असंच दिसतं,” बाबा म्हणाले. “म्हणून दिसण्यावर कोणी जात नाही. मी लेबल वाचतो, दुसरा माणूस तेच लेबल परत वाचतो, दोघांच्या सह्या होतात, मग वजन. ओळखीचं वाटलं की जास्त जपायचं.”

त्या रात्री तिने कोरं पान घेतलं. वर लिहिलं ‘झोल’, आणि खाली एकेकाला वेगळं घर दिलं. ओमेप्राझोल : पोटातलं आम्ल कमी करतं, जेवणाआधी. फ्लुकोनाझोल : बुरशीवर. मेट्रोनिडाझोल : अमीबावर आणि काही जिवाणूंवर, तोंडाला धातूची चव येते, दारू वर्ज्य. अल्बेंडाझोल लिहिताना ती थबकली. जंतनाशक दिनाला शाळेत बाईंनी समोर उभं राहून चावायला लावलेली ४०० मिलिग्रॅमची गोळी ती हीच! मग ते नाव पाठ करावंच लागलं नाही. कार्बिमाझोलसमोर तिने दोन ओळी लिहिल्या : थायरॉइडचा जोर कमी करतं. घसा दुखला, ताप आला तर पांढऱ्या पेशी तपासायच्या.

पुढे प्रत्येक औषधासमोर तीनच गोष्टी आल्या. शरीरात काय करतं, देण्याआधी काय बघायचं, दिल्यावर काय बघायचं. वही जाड झाली, पाठांतर कमी झालं. ती पास झाली.

नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात वॉर्डात एक आजी होत्या. सकाळच्या गोळ्या द्यायला ती गेली, तेव्हा आजी सहज म्हणाल्या, “पोरी, गिळताना घसा फार दुखतो गं.” शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, “हवाच तशी आहे, सगळ्यांचे घसे धरलेत.” मुलीनेही मान हलवली, आणि गोळीचं पाकीट हातात घेतलं. सवयीने नाव पूर्ण वाचलं. कार्बिमाझोल.

तिने गोळी परत ट्रेमध्ये ठेवली, आजींच्या कपाळाला हात लावला आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी फारच खाली गेल्या होत्या. रात्री आजींना ताप चढला, पण तोवर त्यांच्या हाताला सलाइन लागलं होतं आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस अंगात गेला होता.