गाडी तीच, रान वेगळं

शिरोळ तालुक्यातल्या एका गावात तात्यांचा दहाचाकी ट्रक होता. गळीत हंगामात ऊस, एरवी वीट आणि सिमेंट, असं वर्षानुवर्षं ओढून गाडी थकली. लांबच्या भाड्याला कुणी विचारेना. शेवटी भंगारवाला येऊन किंमत सांगून गेला. बँकेचे हप्ते मात्र अजून फिटायचे होते.

तात्यांची थोरली बहीण चंदगड तालुक्यात दिलेली. जिल्हा एकच, कोल्हापूर. पण दोन्ही मुलखांत जमीन-अस्मानाचा फरक. शिरोळला कृष्णा-पंचगंगेकाठची काळी, भारी जमीन. चंदगडला सह्याद्रीच्या कुशीतली तांबडी जांभी माती आणि महिनोन् महिने कोसळणारा पाऊस. हा पाऊस जमिनीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो, मागं लोह आणि अॅल्युमिनियम उरतं. आक्काच्या रानात खत घालूनही पीक खुरटायचं. तिने माती परीक्षण करून घेतलं. सामू निघाला 5.1. जमीन इतकी आम्ल झाली की मातीतलं अॅल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं मारतं, आणि घातलेलं स्फुरद मातीतच अडकून पडतं. कृषी सहायकांनी अहवाल वाचून सल्ला दिला, चुनखडीची बारीक भुकटी एकरी एक टन, पावसाआधी मातीत मिसळा.

सल्ला सोपा होता, काम अवघड. आक्काचं आणि भाऊबंदांचं मिळून माळावर चाळीस एकर सलग रान. एवढी भुकटी घमेल्याने फेकायला माणसं कुठून आणायची? शिवाय फेकणाऱ्याच्या नाकातोंडात धूळ, आणि एका ठिकाणी ढीग तर दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही.

आक्का भावाला म्हणाली, "अरं तात्या, गाडी भंगारात घालण्यापरास माझ्या रानात आण की. परदेशात म्हणं ट्रकनंच चुना पसरत्यात."

तात्यांनी गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेली. तिथले मिस्त्री साखर कारखान्यांची कामं करून तयार झालेले. त्यांनी आधी आरटीओची परवानगी काढायला लावली. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल परस्पर करता येत नाही. मग जुना हौदा उतरवला. चॅसीवर खाली निमुळता होत जाणारा नवा हौदा चढवला. त्याच्या तळाला साखळी आणि आडव्या पट्ट्या बसवल्या, म्हणजे भुकटी सरकत मागच्या झडपेपाशी येईल. झडपेखाली उलटसुलट फिरणाऱ्या दोन तबकड्या, प्रत्येकीवर पाती. टिपरचा हौदा उचलायला गिअरबॉक्सला जसा पीटीओ लावतात तसा लावून त्यावर हायड्रॉलिक पंप चालवला. मागचे टायर रुंद घातले आणि हवा कमी ठेवली.

तात्यांना वाटलं, झालं काम. गाडी पुरती भरून थेट रानात घालावी. मिस्त्री म्हणाले, "थांबा तात्या. गाडी चालती हे बघितलं, आता ती काय पसरती ते बघायचं."

त्यांनी हिशेब मांडला. गाडी ताशी पाच किलोमीटरने चालणार, आठ मीटरचा पट्टा धरणार. एकरी एक टन हवं असेल तर मिनिटाला साधारण 165 किलो भुकटी बाहेर पडायला हवी. त्या मापाने झडप उघडली. मग मोकळ्या जागेत अर्धा मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद अशी पत्र्याची तबकं आडव्या रांगेत मांडली. मापाप्रमाणे प्रत्येक तबकात 62 ग्रॅमच्या आसपास भुकटी पडायला हवी होती. गाडी वरून गेली आणि मिस्त्रींनी एकेक तबक काट्यावर ठेवलं. मधल्या तबकात 110 ग्रॅम, कडेच्या तबकात जेमतेम 20.

तात्या म्हणाले, "सरासरी बसती की वो."

"सरासरी वहीत बसती, तात्या. रानात बसत न्हाई. मधल्या सरीला जास्त, कडेच्या सरीला उपाशी. पीक उगवल्यावर पट्टं दिसतील पट्टं."

मिस्त्रींनी पात्यांचा कोन बदलला, भुकटी तबकड्यांवर जिथे पडते ती जागा थोडी सरकवली, शेजारचे पट्टे एकमेकांवर किती चढवायचे ते ठरवलं. पुन्हा तबकं, पुन्हा काटा. मधेच एकदा भुकटी यायचीच थांबली. दमट मालाने हौद्यात कमान धरली होती. वर माल भरलेला आणि खाली साखळी रिकामी फिरत होती. तेव्हापासून ताडपत्रीखालचा कोरडा मालच घ्यायचा असं ठरलं. रांगेतल्या तबकांची वजनं एकमेकांच्या जवळ आली तेव्हाच मिस्त्रींनी गाडीची चावी तात्यांच्या हातात दिली. वर बजावलं, "रानात निम्माच माल घ्या. खेपा वाढल्या तर डिझेल जाईल. पर वजनानं जमीन दाबली, तर ती लवकर सुटायची न्हाई."

वैशाखात, वारा पडलेला असताना पहाटे पहाटे काम चाललं. माळ पांढरा झाला, मग नांगराने भुकटी मातीत गेली. पहिल्या वर्षी फरक थोडाच दिसला, कारण चुनखडी हळूहळू विरघळते. दुसऱ्या वर्षी भुईमुगाच्या शेंगा भरल्या, उसाला फुटवे धरले. पुन्हा माती तपासली तर सामू सहाच्या जवळ आला होता. आजूबाजूच्या वाड्यांतून तात्यांना निरोप येऊ लागले.

ही कीर्ती शिरोळपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. एक दिवस तात्यांच्या गावचे बागायतदार पाहुणे दारात आले. त्यांच्या पंधरा एकरांवर उन्हाळ्यात पांढरं फूल यायचं, उसाची उगवण विरळ, पानांवर केवडा. ते म्हणाले, "तात्या, चंदगडला रान सुधारलंस, गाववाल्यांनी काय पाप केलंय? दर दुप्पट देतो. उद्याच चुना घाल."

तात्यांच्या डोळ्यांसमोर बँकेचा हप्ता आला. बागलकोटकडून भुकटीची गाडी मागवायला त्यांनी फोन हातात घेतला. सुट्टीला माहेरी आलेली आक्का ओट्यावर बसून ऐकत होती.

"त्यांच्या मातीचा अहवाल बघितलास का?"

"अहवाल कशाला? तुझ्या रानात गुण आला की."

"माझ्या दुखण्याची चिठ्ठी घिऊन तू त्यांना औषध देणार व्हय? आधी त्यांची माती बघ, मग फोन कर."

तात्या गप्प झाले. रात्रभर त्यांना हप्ता दिसत होता आणि बहिणीचं बोलणं आठवत होतं. सकाळी ते कुदळ आणि पिशवी घेऊन पाहुण्यांच्या रानात गेले. नागमोडी फिरत जागोजागी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घेतले, वीतभर खोलीपर्यंतची कडेची माती काढली, सगळी एकत्र करून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, असं करत शेवटी अर्धा किलो माती प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल आला. सामू 8.9. जमिनीत सोडियम साठलेलं, आणि चुनखडी मुळातच भरपूर. एवढ्या सामूला वरून घातलेली चुनखडी विरघळतही नाही. पाहुण्यांचा पैसा मातीत गेला असता आणि दुखणं तसंच राहिलं असतं.

तात्या पाहुण्यांच्या घरी गेले. "पाव्हणं, तुमच्या रानाला चुना चालत न्हाई. तुमच्यात पाणी मुरून वर आलंय. आधी निचरा काढा, मग जिप्सम घालू."

पाहुणे चिडले. "गिऱ्हाईक दारात आलं तर परत पाठवतोस? दुसरा कुणी घालंल."

"घालू दे. मी न्हाई घालणार."

तो हंगाम तात्यांना जड गेला. हप्ता भागवायला म्हैस विकली. पण त्यांनी गाडीच्या मागच्या फाळक्यावर ठळक अक्षरांत लिहून घेतलं: माती परीक्षणाचा अहवाल दाखवल्याशिवाय गाडी शेतात उतरणार नाही.

पुढच्या वर्षी पाहुण्यांनी शेजाऱ्यांना बरोबर घेतलं. पाणी बांध ओळखत नाही. एकट्याने चर काढून भागत नाही. सगळ्यांनी मिळून निचऱ्याच्या नळ्या जमिनीखाली टाकल्या, पाणी ओढ्याला काढून दिलं. मग पाहुणे स्वतः तात्यांकडे आले, हातात अहवाल. मिस्त्रींनी जिप्समसाठी झडप आणि पाती नव्याने जुळवली, पुन्हा तबकं मांडली, पुन्हा वजनं घेतली. जिप्सम पडलं, वर पाणी दिलं, सुटलेलं सोडियम नळ्यांतून वाहून गेलं. पुढच्या काही हंगामांत पांढरं फूल ओसरलं आणि उसाची उगवण भरून आली.

गाडी तीच होती. चंदगडच्या आम्ल मातीला तिने चुनखडी दिली, शिरोळच्या चोपण रानाला जिप्सम. तिच्या हौद्यात काय भरायचं हे मातीच्या अहवालाने सांगितलं. किती आणि कसं पडतंय हे काट्याने सांगितलं. आणि मोहाच्या वेळी नाही म्हणायचं बळ तात्यांना बहिणीच्या एका प्रश्नाने दिलं.

तात्पर्य असं, की हातात साधन आलं म्हणून ते दिसेल त्या रानात चालवू नये. एकाला गुण देणारा उपाय दुसऱ्याला निरुपयोगी ठरतो, कधी घातकही. उपाय करणाऱ्याने आधी दुखणं ओळखावं, मग माप घ्यावं, आणि जे लागू नाही ते दुप्पट दरानेही विकू नये. शेतकरी बांधवांनो, या उन्हाळ्यात चुना, जिप्सम किंवा खताची एकही गोणी विकत घेण्याआधी आपल्या रानाच्या मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा.