रांगेत पुढे कोण?

दवाखान्यात नंबर घेऊन बसलो असताना कोणी मागून येऊन पुढे गेले, तर आपल्याला राग येतो. आधी येईल त्याचा नंबर आधी, हा नियम आपल्याला न्यायाचा वाटतो. वशिलेबाजीला तो आळा घालतो, म्हणून तो चांगलाच आहे. पण तो पुरेसा आहे का?

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताचे उदाहरण पाहू या. तेथे संधिवाततज्ज्ञाला भेटायचे तर नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि मग पुष्कळदा महिनोन्महिने थांबावे लागते. यादीतील सर्वांचे दुखणे मात्र सारखे नसते. एखाद्या आजीचे गुडघे वयोमानाने झिजलेले असतात. एखाद्या तरुण आईची बोटे सकाळी तासभर आखडतात, सांधे सुजतात. तो आमवात असेल, तर पहिल्या काही महिन्यांतच औषध सुरू व्हावे लागते. एकदा सांध्याची हानी झाली की ती भरून येत नाही. चिठ्ठीवर दोघींच्या नावापुढे नुसते ‘सांधेदुखी’ लिहिलेले असू शकते.

म्हणून टोरांटो येथे २००५ सालापासून अनुभवी फिजिओथेरपिस्ट व ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांना संधिवाताचे खास प्रशिक्षण देण्यास सुरुवात झाली. असे प्रशिक्षित लोक यादीतील रुग्णांना आधी भेटतात, सांधे तपासतात, विचारपूस करतात आणि ज्याला थांबणे परवडणारे नाही त्याला तज्ज्ञाकडे लवकर पाठवतात.

मग आधीपासून थांबलेल्या आजीवर अन्याय झाला का? आम्हाला तसे वाटत नाही. वशिल्याने पुढे जाणारा ओळखीच्या जोरावर जातो. ती तरुण आई गरजेमुळे पुढे गेली. उद्या आजीचीच गरज मोठी ठरली, तर हाच नियम आजीलाही पुढे नेईल. मात्र आजीचेही काही हक्क आहेत. आपण का थांबायचे, हे तिला नीट सांगितले पाहिजे. व्यायाम, आधाराची काठी अशी मदत तिला आजच मिळाली पाहिजे. तपासणाऱ्याची चूकही होऊ शकते, म्हणून दुखणे वाढले तर तिला पुन्हा तपासले पाहिजे. एवढे होत नसेल, तर त्याला न्याय म्हणता येणार नाही.

योहानच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाचे तळे आपल्याला ठाऊक आहे. पाणी हलले की जो आधी उतरेल तो बरा होई, असा तेथील समज होता. अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला पाण्यात सोडायला कोणी नव्हते. दरवेळी दुसराच त्याच्या आधी उतरे. येशूने त्या गर्दीत त्याच्याकडे पाहिले आणि आधी त्याची विचारपूस केली.

रांगेला फक्त नंबर कळतो. माणसाचे दुखणे कोणीतरी जवळ जाऊन पाहावे लागते. पुढच्या वेळी दवाखान्यात बसलो, की आपणही शेजारच्या बाकाकडे एकदा पाहू या. कदाचित आपला नंबर कोणाला तरी द्यावासा वाटेल.