नाही म्हणण्याचा परवाना

उजनीच्या फुगवट्यावर होडी चालवणाऱ्याला पाण्याखालचा मुलूख पाठ असावा लागतो. धरण 1980 साली पूर्ण झालं. भीमाकाठची गावं उठून वर आली. विहिरी, बांध, बाभळीचे बुंधे खालीच राहिले. एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला 63 च्या आसपास मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरून धरण 'वजा'त गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि होडीची कालची वाट आज चालत नाही.

करमाळ्याच्या बाजूच्या गावांत हे शिक्षण घरातच होतं. पोरगं आधी चुलत्याच्या होडीत पाणी उपसायला बसतं, मग वल्हं धरतं, मग कधीतरी इंजिनाची दोरी ओढतं. कुगावहून पलीकडे जाताना असंच एक मिसरूड फुटलेलं पोर मी निरखत होतो. त्याची नजर पाण्यावर तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्यांवर. बाटली दिसली की खाली चिलापीचं जाळं आहे, हे तो जाणून. पुढे शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आले, तसं बोलता बोलताच त्यानं इंजिन उचललं, पाइप खालून जाऊ दिला आणि पंखा परत पाण्यात सोडला. हे कुठल्याही वर्गात बसून येणार नाही.

कायद्याला मात्र एवढं पुरत नाही. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलवाहतुकीचा नवा कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या होडीची नोंदणी, तपासणी, विमा, आणि चालवणाऱ्याकडे सक्षमतेचं प्रमाणपत्र, म्हणजे परवाना, असं सगळं त्यात आहे. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाचं. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट हाताळायचं आणि जीव वाचवायचं प्रशिक्षण मिळतं. काठावरची जुनी माणसं यावर हसतात. 'आम्हाला पाणी शिकवणार?'

हसणं अर्धंच बरोबर आहे. बुडालेल्याला पालथं घालून पोट दाबायचं, हे काठावर सगळ्यांना ठाऊक. तोंडानं श्वास देत छाती कशी दाबायची, हे फार थोड्यांना. पण प्रशिक्षणाची खरी गरज मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. टेंभुर्णी किंवा भिगवणवरून वळसा घालायचा तर दिवस मोडतो, म्हणून माणसं मोटरसायकलीसकट होडीत चढतात. चढणारा परका नसतो. कुणी भावकीतला, कुणी बहिणीच्या सासरचा. 'तात्या, चला की, वारं काय आज पहिल्यांदा सुटलंय?' असं म्हटल्यावर होडी चालवणारे तात्या काय बोलणार? आभाळ भरून आलेलं त्यांनाही दिसतं. तात्यांना वारं कळतं, नाही म्हणता येत नाही.

21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. एक जण पोहून काठाला लागला. त्या होडीत काय बोलणं झालं, यावर तर्क करू नये. मात्र मे महिन्यातलं दुपारनंतरचं वारं या उघड्या पाण्यावर किती झपाट्यानं लाटा उठवतं, हे इथं सगळे जाणतात. म्हणून माझ्या मते परवान्याचा उपयोग कागदावरच्या सहीपेक्षा जास्त आहे. 'जादा माणूस घेतला तर माझा परवाना जाईल' असं म्हणता आलं की नात्यात वाकडेपणा येत नाही. दोष कायद्यावर जातो. जीवरक्षक जॅकेट बांधल्याशिवाय इंजिन चालू न करणं हीसुद्धा मग तात्यांची हेकटपणाची गोष्ट उरत नाही.

यासाठी पोरांना गोव्याला किंवा मुंबईला धाडण्यापेक्षा वर्ग इथेच काठावर भरावा, मराठीतून, निम्मी परीक्षा तोंडी. पाण्याखालच्या भिंती दाखवायला याच तात्यांना मानधन देऊन बोलवावं.

कुगाव-शिरसोडी पूल झाला की पलीकडे जाणारे प्रवासी कमी होतील. होड्या राहतील त्या मासेमारीला, आणि कुंभारगाव, डिकसळकडे रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी. पुण्याहून आलेला पाहुणा फोटोसाठी एकदम उभा राहतो, मागून त्याचं सगळं कुटुंब उभं राहतं. त्यांना 'आधी खाली बसा' असं दरडावायला विशीतल्या पोराची जीभ रेटत नाही. समोर मोठी माणसं असतात, आणि भाडं अजून हातात आलेलं नसतं.